साक्षीदाराच्या रकान्यातली सही

प्रिय लेकी,

तुझा निरोप रात्री उशिरा वाचला. ऑपरेशन थिएटरमधून पेशंटला बोलावणं आलं, संमतीपत्रावर साक्षीदाराची सही राहिली होती, हाउसमन (वॉर्डातले ज्युनियर डॉक्टर) म्हणाले, "सिस्टर, करून टाका", आणि तू केलीस. "चुकलं का?" एवढंच विचारलं आहेस. हो, चुकलं. त्या बाई सुखरूप वॉर्डात परत आल्या, तरीही चुकलं. मी रागावलेले नाही. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात तुला हे खुपलं, याचं मला बरंच वाटलं.

साक्षीदार म्हणजे ज्याने पाहिलं तो. तू काय पाहिलंस? डॉक्टर त्या बाईंना समजावत होते तेव्हा तू दुसऱ्या कॉटवर सलाईन लावत होतीस. फॉर्मवर सही त्यांच्या नवऱ्याची. बाई शुद्धीवर होत्या, सज्ञान होत्या, कॉटवर बसून होत्या. तरी कागद गेला नवऱ्याच्या हातात. आपल्याकडे हे इतकं अंगवळणी पडलंय की कोणाला त्यात वावगं वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाला मात्र वाटलं. समीरा कोहली खटल्याचा २००८ सालचा निकाल मिळवून वाच. चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित बाई, दुर्बिणीतून तपासणी करायची म्हणून टेबलावर घेतली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, अंडाशय काढून टाकले. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता. पण जिवावर बेतलेलं नसताना, शुद्धीवर आल्यावर जिला विचारता आलं असतं तिच्याऐवजी आईची सही चालणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

समजावून सांगून संमती घेणं हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं काम आहे, तुझं नव्हे. तुझं काम कागद घेऊन कॉटपाशी जाणं. "मावशी, उद्या तुमचं काय करणार आहेत, मला सांगा बरं," असं विचार. सांगता आलं नाही तर सही करू नकोस. डॉक्टरांना पुन्हा बोलाव. ते वैतागतील. वैतागू देत.

आता माझी गोष्ट सांगते, ती मी फार थोड्या जणींना सांगितली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मेडिसिन वॉर्डात नाइट होती. चाळीसेक पेशंट, आम्ही दोघी. पहाटे चारचा बीपी राहिला आणि मी चार्ट मनाने भरला. आधीचे आकडे बघून, थोडा वर, थोडा खाली. सकाळी आमच्या इन्चार्ज सिस्टर ओव्हर, म्हणजे रात्रपाळीकडून वॉर्डाचा ताबा, घेताना एका कॉटपाशी थांबल्या. तिथल्या आजोबांना रात्री दोन वाजताच आयसीयूत हलवलं होतं आणि माझ्या चार्टवर त्यांचा चारचा बीपी १२०/८० होता. त्या सगळ्यांसमोर काही बोलल्या नाहीत. खोलीत नेऊन म्हणाल्या, "आता या पानावरच्या कुठल्या आकड्यावर मी विश्वास ठेवू?" मला उत्तर नव्हतं. एका खोट्या आकड्याने मी खरोखर मोजलेले सगळे आकडे वाया घालवले होते.

म्हणून तुला सांगते, राहिलं असेल तर "घेतला नाही" असं लिही. खाडाखोड नको, व्हाइटनर तर कधीच नको. चुकलं तर एक आडवी रेघ, खाली तारीख, वेळ, सही. कोर्टात वर्षांनी उभं राहावं लागलं तर तुला ती रात्र आठवणार नाही. हातात केसपेपरच असेल.

"डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं" या वाक्याच्या आडोशाला फार उभी राहू नकोस. १९९३ साली दिल्लीजवळच्या एका रुग्णालयात टायफॉइडच्या लहान मुलाला क्लोरोमायसेटिन हे अँटिबायोटिक द्यायचं होतं; नर्सने वडिलांना लॅरियागो हे मलेरियाचं औषध आणायला सांगितलं आणि शिरेतून दिलं. मूल आईच्या मांडीवरच कोसळलं, मेंदूला कायमची इजा झाली. ती नर्स पात्र नव्हती, कोणत्याही कौन्सिलकडे तिची नोंदणी नव्हती. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी वेगळे पाच लाख रुपये भरपाई कायम केली. चिठ्ठी, औषधाचं लेबल आणि पेशंट, तिन्ही एकत्र एकदा वाचले असते तर? फोनवरची ऑर्डर असेल तर ती डॉक्टरांना परत वाचून दाखव, लिही, नंतर त्यांची सही घे. पोटॅशियम आणि इन्सुलिन दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय भरू नकोस.

आणखी एक, जे वॉर्डात कोणी सांगत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचं आहे. वैद्यकीय उपचार करताना असं घडलं तर नोंदणीकृत डॉक्टरांना कमाल शिक्षा २ वर्षं, इतरांना ५. आणि तिथली व्याख्या मेडिकल रजिस्टरवरच्या डॉक्टरांपुरतीच आहे. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी त्यात बसत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि आपल्या संघटनांनी ते लावून धरायला हवं. पण बदलेपर्यंत तुला ते माहीत हवं.

एचआयव्हीचा रिपोर्ट आला की वॉर्डातले मामा, मावशी, किचनपर्यंत कुजबुज पोचते. एचआयव्हीबाबतच्या २०१७ च्या कायद्याने पेशंटच्या संमतीशिवाय ते दुसऱ्याला सांगायला मनाई आहे. हातमोजे प्रत्येकासाठीच घालायचे असतील तर त्या एकाच्या कॉटवर लाल खूण कशाला हवी?

अरुणा शानबाग तुला नावाने माहीत असतील. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएममध्ये, त्या नर्स होत्या त्याच रुग्णालयात, त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या पुन्हा उठल्या नाहीत. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं तिथल्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं. ज्यांनी त्यांना कधी चालताना पाहिलं नव्हतं अशा मुलींनीसुद्धा. दयामरणाचा अर्ज आला तेव्हा त्यांच्या वतीने बोलायचा हक्क कोणाचा, हा प्रश्न होता. २०११ च्या निकालात न्यायालयाने तो केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, कारण रोज जवळ कोण होतं ते दिसत होतं. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही त्यांना बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने पाठीला होणारी जखम, झाला नव्हता. 'कूस बदलली' ही नोंद कोणीही टेबलावर बसून लिहू शकतं, पण पाठ तशी भरता येत नाही. तो निकाल वाचताना मला माझा चारचा बीपी आठवला होता.

तुझ्या सहीचं आता काय? ती खोडायला जाऊ नकोस. उद्या इन्चार्ज सिस्टरना जे झालं ते जसंच्या तसं सांग. मग त्या बाईंकडे जा. ड्रेसिंगचा ट्रे न घेता जा. त्यांचं काय काढलंय ते त्यांना ठाऊक आहे का, विचार. नसेल तर राउंडला डॉक्टरांना त्यांच्यासमोर थांबव, नवऱ्याला बाहेर बसू दे. सांगून झालं की किती वाजता, कोणी, काय सांगितलं ते नोट्समध्ये उतरव आणि तिथे सही कर. काय झालं ते मला कळव.

तुझी,
सिस्टर