सिनेमात नसलेला प्रसंग

“मॅडम, मी आतून कोरडी झालेय का?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता त्यावर लिहायलाच हवं. निमित्त बहुधा एकच असतं. जुने मित्र जमतात, लहानपणी जीव टाकलेला एखादा अद्भुतपट पुन्हा लावतात, आणि तेव्हा जिथे श्वास रोखला जायचा तिथे आता काहीच होत नाही. ड्रॅगनला उडवणारी तार दिसते. राक्षसाचा रबरी मुखवटा मानेपाशी सुटलेला दिसतो. सगळे हसतात, आपणही हसतो. घरी आल्यावर मात्र काहीतरी हरवल्यासारखं वाटत राहतं.

पस्तिशीतली एक बाई याच तक्रारीनं माझ्याकडे मानसोपचारासाठी आली. (तिच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

“सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले,” ती म्हणाली. “आणि मग रात्रभर झोप नाही. इतका भिकार सिनेमा मी इतकी वर्षं उराशी धरून बसले होते?”

पहिल्या काही भेटी या हसण्यावरच गेल्या. मैत्रिणींचा तिला राग होता, त्याहून जास्त स्वतःचा. मनापासून आवडलेली गोष्ट चारचौघांत उघडी पडू लागली की माणूस ती हसण्याखाली झाकतो. तिच्या मैत्रिणीही कदाचित तेच करत होत्या. हे तिला पटलं, पण हलकं वाटलं नाही.

मग एकदा मी म्हटलं, “मला तो सिनेमा सांगा. परवाचा नको, तेव्हाचा.”

ती सांगत सुटली. हातवारे आले, आवाज बदलले. “आणि शेवटी ती मुलगी ड्रॅगनच्या पाठीवर बसते. उडता उडता मागे वळून घराकडे बघते. तिथे मी दर वेळी रडायचे.” ती एकदम थांबली. “पण परवा हे नव्हतंच. ड्रॅगन एकटाच जातो. मुलगी घरीच राहते. मैत्रिणी म्हणाल्या, तुला स्वप्न पडलं असेल.”

“मग हा प्रसंग कुणी केला?”

अशा वेळी उत्तर आपणच पुरवायचा मोह फार होतो. मी गप्प राहिले, आणि ते बरोबर होतं असं मला आजही वाटतं. बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली, “दादाची पाठ.” सिनेमा संपला की दोघं तोच खेळ खेळायची. दादा ड्रॅगन, अंगावर चादर, ही पाठीवर. कोरडी झाल्याची तक्रार घेऊन आलेली ती बाई त्या दिवशी पोटभर रडली.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांचा माझ्या कामावर मोठा प्रभाव आहे. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात ते लहान मुलाच्या लाडक्या पांघरुणाबद्दल, बाहुलीबद्दल लिहितात. ही गोष्ट तू मनानं घडवलीस की तुला बाहेरून मिळाली, हा प्रश्न मुलाला कुणी विचारायचाच नसतो. मोठ्यांचा मुलाशी तसा न बोललेला करारच असतो. मोठेपणी पडद्यासमोर बसून आपण तो करार मोडतो. सिनेमाला विचारतो, सांग, तुझ्यात किती होतं? आणि तार दिसते. निम्मा सिनेमा तेव्हा आपणच केला होता, हे लक्षातच राहत नाही. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली फीत नव्हे, ती दर वेळी नव्यानं जुळवली जाते, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिलं होतं. त्यामुळे तिची आठवण चुकली असं मी म्हणणार नाही. तिनं सिनेमा आणि दादा एकत्र जपले होते.

नॉस्टॅल्जियाला मराठीत आपण ‘स्मरणरंजन’ म्हणतो, त्यात नुसतं रंजनच उरतं. १६८८ मध्ये योहानेस होफर या तरुण वैद्यानं नॉस्टॅल्जिया हा शब्द घडवला, तो घरी परतणं आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून. म्हणून अशा संध्याकाळीनंतर थोडं दुखलं तर त्यात बिघडलेलं काही नसतं.

मित्रांबरोबर असा सिनेमा लावणार असाल, तर आधी पडदा बंद ठेवून प्रत्येकानं आपल्याला आठवतो तो सिनेमा सांगावा. गोष्टी जुळणार नाहीत, आणि खरी मजा तिथेच आहे. सोबत कोण बसायचं, कुणाची भीती वाटायची, नंतर काय खेळायचात, हेही विचारा. पहिल्यांदा सगळं लक्ष तारांकडेच जाईल, जाऊ द्या. जुनं रडू मुद्दाम आणायला जाऊ नका. मात्र हे कोरडेपण सिनेमापुरतं न राहता जेवण, झोप, काम, माणसं या सगळ्यांत दोन आठवडे आणि त्याहून जास्त टिकलं, तर ती बाब वेगळी. तेव्हा तज्ज्ञांना भेटायला उशीर करू नका.

शेवटच्या भेटीला ती आली तेव्हा तिनं दादाला फोन केला होता. वर्षभरात दोघं धड बोलली नव्हती. खेळ त्याला लख्ख आठवत होता. फक्त एक दुरुस्ती त्यानं केली.

“मागे वळून तू नाही, मी बघायचो,” तो म्हणाला. “चादर ओढली म्हणून आई येतेय का ते.”