लेपर्ड गेकोच्या (पाळीव पालीच्या) शीत पांढरं दिसतंय, जंत आहेत का हे घरी कसं ओळखायचं? (मित्राकडून दुसरा गेकोही आणलाय)

खडूसारखा पांढरा गोळा असेल तर ते युरेट, म्हणजे पालीची घट्ट लघवी, नॉर्मल आहे. हलणारा बारीक धागा असेल तर पिनवर्म, म्हणजे आतड्यातले बारीक जंत. बाकी जवळपास काहीच नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे शीचे फोटो टाकून विचारण्यात अर्थ नाही.

मी मिरजेला एका लॅबमध्ये ९ वर्षं स्टूल रुटीन बघितलंय. आता न्यू जर्सीला असते. मुलीच्या हट्टामुळे घरात गेको आली, ठमी. चार वर्षं खणखणीत, शेपटी अंगठ्याएवढी जाड (गेको चरबी शेपटीत साठवतात). मग माझे धाकटे दीर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एक्स्पोमधून एक मादी घेऊन आले, त्यांचा टँक तयार नव्हता म्हणून पंधरा दिवस आमच्याकडे. मी म्हटलं वेगळ्या खोलीत ठेवू, आधी तिची शी तपासू, तर म्हणाले, "अहो वहिनी, एवढी गुटगुटीत आहे, तिला कसला आलाय रोग?" घरात पाहुणे होते, मी गप्प बसले. ठमीच्याच टँकमध्ये मध्ये पार्टिशन घातलं आणि चिमटा एकच वापरला.

दीड महिन्यात ठमी खाल्लेले मीलवर्म (खायला घालतात त्या अळ्या) ओकायला लागली आणि शेपटी उतरली, म्हणजे बारीक झाली. क्लिनिकमध्ये एक सॅम्पल घेतलं, फ्लोट केलं (शी दाट द्रावणात घालून वर तरंगणारी अंडी बघतात), निगेटिव्ह, म्हणाले क्लीन आहे. एका सॅम्पलवर क्लीन कसं म्हणता? अंडी रोज पडत नाहीत, आम्ही मिरजेला पेशंटला तीन दिवसांची तीन सॅम्पल आणायला सांगायचो. मी घरचा मायक्रोस्कोप काढला, तिसऱ्या दिवशी वेट माउंटमध्ये (थेंबभर पाण्यात शी कालवलेली स्लाइड) पिनवर्मची अंडी सापडली, लांबट आणि एका बाजूनं चपटी. इतका आनंद झाला म्हणून सांगू! जंताचं औषध फेनबेंडाझोल सुरू झालं, अंडी गेली, पण शेपटी उतरतच राहिली.

शेवटी मी हट्टानं पीसीआर करायला लावली. क्रिप्टोस्पोरिडियम (क्रिप्टो) निघाला, आतड्यातला एकपेशीय परजीवी. ४-५ मायक्रॉनचे गोळे, साध्या स्लाइडवर यीस्टसारखे दिसतात, मलाही दिसले होते आणि मी यीस्ट समजून सोडून दिले. एचआयव्हीच्या पेशंटच्या स्टूलमध्ये असेच गोळे मी मॉडिफाइड अ‍ॅसिड फास्ट स्टेनवर (स्लाइडला द्यायचा खास रंग) लालभडक बघितलेत, कितीतरी वेळा. घरी स्टेन नव्हता. याचं अजून वाईट वाटतं. खात्रीचं औषध नाही यावर, पॅरोमोमायसिननं कमी होतं आणि परत येतं. ठमीला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागलं.

दिरांच्या गुटगुटीत मादीची टेस्ट मी माझ्या पैशानं केली, तीही पॉझिटिव्ह. तब्येत उत्तम असूनही गेको हा रोग पसरवू शकतो, हेच मी पहिल्या दिवशी सांगत होते. तरी अजून गणपतीला सगळे जमले की ते म्हणतात ठमी आधीच अशक्त होती. नव्हती.

तर तुम्ही ताजी शी, २४ तासांच्या आतली, झिपलॉकमध्ये घालून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. फ्लोट आणि डायरेक्ट स्मिअर (ताजी शी थेट स्लाइडवर बघणं) दोन्ही मागा, तीन सॅम्पलवर. शेपटी बारीक होत असेल तर क्रिप्टोची पीसीआर वेगळी मागा, ती आपणहून कोणी करत नाही. उंदराची पिल्लं खायला घालत असाल तर ते सांगा, कारण उंदराचेच परजीवी गेकोच्या शीतून जसेच्या तसे बाहेर पडतात आणि उगाच औषध चालू होतं. जंताचं औषध मनानं देऊ नका, डोस वजनावर असतो. आणि शेपटी उतरली म्हणजे क्रिप्टोच असंही नाही, टँक थंड असला तरी उतरते. माझ्या बाबतीतही ठमीची आधी कधी टेस्ट झालेली नव्हती, त्यामुळे कोणाचं कोणाला लागलं हे कागदावर मी सिद्ध करू शकत नाही, पण चार वर्षं ती एकटी होती.

तुम्ही आणलेला दुसरा गेको आजच्या आज दुसऱ्या खोलीत हलवा. चिमटा, पाण्याची वाटी सगळं वेगळं, आणि रोज आधी जुन्याला खायला घाला, मग नव्याला. ब्लीचवर भिस्त ठेवू नका, क्रिप्टो त्यानं मरत नाही.