पदरमोड वहीत लिहायला लावा

तुमच्याकडे चौदा ते सतरा वयाची पंचवीसेक मुलं आहेत. पोस्टरं झाली, शपथा झाल्या, झाडं लावून फोटोही काढून झाले. आता 'सामाजिक उद्योजकतेतून शाश्वतता शिकवा' असं वरून आलंय, म्हणजे समाजाच्या उपयोगी पडेल असा छोटा उद्योग मुलांनीच चालवायचा, आणि यातून मुलं खरंच काही शिकतात का, सुरुवात कशाने करायची, असं तुम्ही विचारताय.

मी सात वर्षं असा एक गट चालवला. शिकतात, पण आपण मध्ये लुडबुड केली नाही तर. माझी लुडबुड आधी सांगतो.

आम्ही सुरुवात केली ती सगळे करतात त्यानेच, कापडी पिशव्यांनी. नवं सुती कापड आणलं, अकरा मुलं, चार रविवार, रोज तीन तास. १४० पिशव्या झाल्या आणि त्या सगळ्या खपल्या. मुलं खूश, पालक खूश, मी तर हवेतच. हिशेबाला बसलो तेव्हा एका मुलीने विचारलं, "दादा, कापड आणायला गाडी केली होती, ते भाडं कुठल्या रकान्यात?"

"ते राहू दे गं, मी दिलंय."

ती पेन टेकवून बसली. "मग हा नफा आपला नाही. तुमचा आहे."

मी हसण्यावारी नेलं, पण तिने सोडलं नाही. भाडं लिहिलं. मग शिवणयंत्र कोणाच्या तरी आईचं होतं, ते लिहिलं. शेवटी मुलांचे तास मोजले: १३२. म्हणजे एका पिशवीमागे जवळजवळ एक तास, आणि त्याची मजुरी शून्य. मजुरीचा आकडा भरल्याबरोबर नफा गायब झाला. सगळा उद्योग आमच्या पदरमोडीवर उभा होता. शाश्वतता म्हणजे काय हे मी तीन तासिका घेऊन शिकवलं होतं, त्या अर्ध्या तासात ती मुलांना समजली: जी गोष्ट कोणाच्या तरी न लिहिलेल्या कष्टावर चालते, ती तो माणूस थकला की थांबते. निसर्गाचंही तेच. नदीने, मातीने, हवेने सोसलेला खर्च कुठल्याच वहीत चढत नाही, म्हणून माल स्वस्त दिसतो. १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातली (संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या आयोगाचा पर्यावरण आणि विकासावरचा अहवाल) व्याख्या, पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागतील अशा बेताने आजच्या गरजा भागवणं, मी त्यानंतर फळ्यावर लिहिली. आधी लिहिली असती तर पाठ झाली असती, इतकंच.

पिशव्यांची गोष्ट इथे संपली नाही. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २०११ मध्ये पिशव्यांच्या जीवनचक्राचा, म्हणजे कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंतच्या सगळ्या प्रवासाचा, अभ्यास प्रसिद्ध केला होता. तापमानवाढीच्या हिशेबात, एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असं त्यात आहे. ती प्लॅस्टिकची पिशवी नंतर कचऱ्याच्या डब्यात लावली तर ३२७ वेळा. (हा हिशेब फक्त तापमानवाढीचा. गटारात आणि समुद्रात जाणारं प्लॅस्टिक त्यात धरलेलं नाही, हेही मुलांना सांगा. नाहीतर 'प्लॅस्टिकच बरं' असं म्हणत घरी जातील. माझ्याकडची दोघं गेली होती.)

मुलांनी सहा महिन्यांनी गिऱ्हाइकांना फोन लावले. साठेक जण सापडले. प्रश्न एकच होता: "आमची पिशवी आत्ता कुठे आहे?" बावीस जण ती वापरत होते. बाकीच्यांनी कौतुकाने घडी घालून कपाटात ठेवली होती. एका काकांनी तर "छान आहे, वापरून खराब का करायची?" असं विचारलं.

मला विचाराल तर सगळा अभ्यासक्रम या जागी आहे. उद्योग म्हणतो जास्त विका. हेतू म्हणतो कमी बनवा. दोन्ही खरं, आणि दोन्ही एकाच वहीत. मुलं दोन आठवडे भांडली. मी प्रयत्नपूर्वक तोंड बंद ठेवलं, ते माझ्या सात वर्षांतलं सगळ्यात अवघड काम. शेवटी त्यांनी नवं कापड बंद केलं, जुन्या चादरी-पडदे घेतले आणि फक्त चाळीस पिशव्या शिवून एका वाचनालयाच्या काउंटरवर ठेवल्या. पुस्तकाबरोबर पिशवी न्या, पुस्तकाबरोबर परत आणा. वाचनालय देखभालीचे थोडे पैसे महिन्याला देई. कमाई आधीपेक्षा कमी झाली, पण फेऱ्या मोजता येऊ लागल्या. प्रत्येक पिशवीच्या कडेला क्रमांक शिवला होता. सतरा नंबर कधीच परत आली नाही, आणि तिच्यावरून अजून चिडवाचिडवी चालते.

मोठ्यांचंही असंच गडगडतं, हे दाखवायला मी प्लेपंपची गोष्ट सांगतो. दक्षिण आफ्रिकेतली कल्पना: मुलांनी गोल फिरायचा पाळणा खेळायचा, त्याच्या फिरण्याने बोअरचं पाणी टाकीत चढायचं आणि टाकीवरच्या जाहिरातींच्या पैशातून देखभाल व्हायची. ऐकायला इतकं गोड की २००६ मध्ये अमेरिकेत तिला भरघोस मदत जाहीर झाली आणि २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचं ठरलं. प्रत्यक्षात आडगावी जाहिरात द्यायला कोणी येईना, मोडलेला पंप दुरुस्त होईना, आणि मुलं कंटाळली की बायकांना तो पाळणा हाताने ढकलत बसावं लागे. २००९ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्रातल्या लेखाने गणित मांडलं: ठरवलेल्या लोकसंख्येला पुरेसं पाणी द्यायचं तर मुलांनी दिवसाचे २७ तास खेळायला हवं. हे गणित मुलांना आयतं देऊ नका. एका माणसाला रोज किती पाणी लागतं, पंपाखाली किती माणसं, तासाला पाणी किती चढतं, एवढं देऊन त्यांनाच करू द्या. चोवीसच्या पुढे आकडा गेला की वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो.

आता तुमची सुरुवात. वस्तू बनवण्यापेक्षा दुरुस्ती निवडा. २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये मार्टीन पोस्टमा यांनी 'रिपेअर कॅफे' सुरू केला, त्याची नक्कल कुठेही करता येते: टेबलं, हत्यारं, दुरुस्ती येणारी चार मोठी माणसं आणि बिघडलेल्या वस्तू घेऊन येणारे लोक. मूळ कल्पनेत पैसे घेत नाहीत. मुलांनी घ्यायचे की नाही, हा वाद त्यांच्यावर सोडा. माल पडून राहत नाही, भांडवल जवळजवळ लागत नाही आणि न जुळणारे स्क्रू, चिकटवून बंद केलेली झाकणं पाहून वस्तू टिकू नयेत अशाच का बनवतात हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात.

पहिलं गिऱ्हाईक आई-बाबा, मामा-मावशी नको. ते काहीही विकत घेतात. 'नको' म्हणू शकेल असा माणूस शोधा. देणगीही घेऊ नका. थोडे पैसे उसने घ्या आणि परतीची तारीख लिहा. सादरीकरणाच्या स्पर्धांपासून पहिलं वर्ष तरी लांब राहा. आम्ही एका स्पर्धेत गेलो होतो. अजून एकही पिशवी न शिवलेला गट रंगीत आलेख दाखवून पहिला आला आणि माझी मुलं महिनाभर वही सोडून स्लाइड सजवत बसली.

आणि बंद करायची तारीख आधीच ठरवा. मुलांना उद्योग शिकवणारी ज्युनिअर अचीव्हमेंट ही अमेरिकेतली संस्था १९१९ पासून चालत आलीय, तिच्या विद्यार्थी-कंपनीत ही सोय आहे: भाग (शेअर) विकून कंपनी काढायची, माल विकायचा, वर्षअखेर हिशेब देऊन कंपनी मोडायची. पुढच्या तुकडीला हवी असेल तर ती नव्याने उभी करेल. आम्ही हे केलं नाही. तिसऱ्या वर्षी पिशव्यांत कोणालाच रस उरला नव्हता, आणि मी एकटाच त्या धुऊन वाचनालयात पोचवत होतो. पुन्हा पदरमोड, आणि तीही वहीबाहेर.

वहीला रकाने कोणते, ते सांगून थांबतो: काय आणलं, कोणी दिलं, किती तास लागले, कोणाचे तास, टाकाऊ काय निघालं, ते कुठे गेलं. शेवटचे दोन मुलं रिकामे सोडतात. तेच आधी तपासा. आमच्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर त्या मुलीच्या अक्षरात एक ओळ आहे: 'गाडीभाडं, दादाने दिलं, परत करायचं.' ते अजून यायचंय.