चार वाजता शटर, पाचनंतर घरात : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

कोरोनाच्या साथीत, २०२१ मध्ये, राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत ३ ऑगस्टपासून दुकाने रात्री आठपर्यंत उघडी राहू लागली. सांगली आणि सातारा मात्र कोल्हापूर, पुणे, सोलापूरसह त्या अकरा जिल्ह्यांत राहिले, जिथे तिसऱ्या स्तराचे निर्बंध (दुकाने चारपर्यंत, पाचनंतर संचारबंदी) कायम होते. त्या आठवड्यातली जवळजवळ सगळी पत्रे त्याच रागाची होती. खालची उत्तरे राज्याच्या तेव्हाच्या आदेशांवर बेतलेली आहेत आणि तेव्हा दिली तशीच ठेवली आहेत; ते निर्बंध आता नाहीत. जिल्हाधिकारी याहून कडक आदेश काढू शकत होते, म्हणून आपल्या जिल्ह्याचा ताजा आदेश जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आधी पाहावा लागे.

आमचे खणआळीत कापडाचे दुकान आहे. राखीपौर्णिमा २२ तारखेला, मग गणपती. बाकीच्या जिल्ह्यांत रात्री आठ आणि आम्हाला चार, शनिवार-रविवार बंदच. ऑनलाइनवाले मात्र तोच शर्ट रात्री नऊला घरी पोचवतात. हा कुठला हिशेब? (कापड दुकानदार, सातारा)

तुमचा राग रास्त आहे. तो आकड्यांनिशी मांडला तर जिल्हाधिकारी कार्यालयाला त्याचे उत्तर देणे भाग पडेल, म्हणून हिशेब नीट समजून घ्या.

४ जूनच्या आदेशात दोन मोजमापे ठरली : चाचण्यांतल्या बाधितांचे शेकडा प्रमाण आणि ऑक्सिजनच्या भरलेल्या खाटा. प्रमाण ५ ते १० टक्के असेल किंवा ४० टक्क्यांहून जास्त खाटा भरल्या असतील तर तिसरा स्तर. प्रमाण १० ते २० टक्के किंवा ६० टक्क्यांहून जास्त खाटा भरलेल्या, तर चौथा. पुढे २५ जूनला ठरले की प्रमाण काढताना फक्त प्रयोगशाळेतल्या आरटीपीसीआर चाचण्या धरायच्या. गावोगावच्या शिबिरांतल्या रॅपिड अँटिजेन चाचण्या त्यातून वगळल्या गेल्या.

याने काय होते ते पाहा. समजा आठवड्यात ४,००० आरटीपीसीआर झाल्या आणि ३६० बाधित निघाले, तर प्रमाण ९ टक्के. त्याच आठवड्यात १२,००० अँटिजेन होऊन ४८० बाधित निघाले, तर त्यांचे ४ टक्के. दोन्ही एकत्र धरले तर सव्वापाच. पेपरात सव्वापाच वाचून ‘पाचजवळ आलो, आता सुटू’ म्हणावे, तर आदेशात नऊ धरलेले. लोकांना फसवल्यासारखे वाटते ते इथेच. शिवाय ज्याला ताप-खोकला आहे त्याचीच आरटीपीसीआर करायची असे ठरवले, तर प्रमाण आणखी चढते. संपर्कातल्या, लक्षणे नसलेल्या लोकांच्या आरटीपीसीआर वाढल्या की तेच प्रमाण खऱ्या चित्राजवळ येते.

म्हणून व्यापारी संघटनेने निवेदनात फक्त ‘वेळ वाढवा’ लिहू नये. तालुकावार आठवड्याच्या आरटीपीसीआर किती, बाधित किती, ऑक्सिजनच्या खाटा किती आणि भरलेल्या किती, हे चार आकडे लेखी मागावेत. ते आठवड्याला मिळाले की माण-खटाव आणि सातारा शहर एकाच दोरीला बांधण्यात अर्थ आहे का, हे बोलता येते. निर्बंध कडक करणे जिल्ह्याच्या हातात होते, सैल करण्याला राज्याची मंजुरी लागत होती. तेव्हा निवेदनाची एक प्रत मुख्य सचिवांच्या नावे जाऊ द्या.

वेळेबद्दलचे आमचे मत उघड आहे. सकाळी सात ते चार म्हणजे नऊ तास. दिवसाला २६० गिऱ्हाइके धरली तर तासाला २९. तेच सात ते रात्री आठ, म्हणजे तेरा तासांत वाटले तर तासाला २०. एप्रिलमध्ये किराण्याला सात ते अकरा एवढेच चार तास होते, तेव्हा तासाला ६५ माणसे एका दारात आली. वेळ कापल्याने गरज कापली जात नाही. ई-कॉमर्सला तिसऱ्या स्तरात मुभा असताना पेठेतल्या दुकानाला ती नसणे अन्यायाचे होते. निवेदनात हा मुद्दा पहिला घ्या.

पुरात दुकानात पाणी शिरले. दिवसभर गाळ काढतो, पण चार वाजले की शटर ओढायला सांगतात. विमा आहे. कामगार पाचला जातात. काम संपेना. (भांडी व कापड, गणपती पेठ परिसर, सांगली)

चारची मर्यादा विक्रीला आहे, पण पाचनंतरच्या संचारबंदीत तुमचे कामगार रस्त्यावर अडकतात. यासाठी प्रभाग कार्यालयाला अर्ज द्या आणि त्याची प्रत पोलीस ठाण्याला. अर्जात दुकानाचा पत्ता, शॉप ॲक्ट नोंदणी क्रमांक, कामगारांची नावे, किती दिवस व किती वाजेपर्यंत काम चालेल, आणि ‘विक्री पूर्ण बंद, फक्त सफाई’ हे वाक्य असू द्या. पोच घेतलेली प्रत शटरवर चिकटवा आणि कामगारांना एकेक झेरॉक्स द्या.

आता फार महत्त्वाचे. पोलीस येतील या भीतीने शटर पूर्ण ओढून आत काम करू नका. बंद दुकानात ब्लीचिंग पावडर टाकली आणि त्यावर संडास धुण्याचे ॲसिड पडले, तर क्लोरीन वायू सुटतो आणि माणूस घुसमटतो. पाणी उपसायचा पेट्रोल पंप किंवा जनरेटर तळघरात ठेवलात तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, म्हणून कळतही नाही. यंत्र बाहेर रस्त्यावर ठेवा, पाइप आत घ्या. शटर निदान अर्धे उघडे राहिलेच पाहिजे आणि हेही अर्जात लिहा.

गाळ ओला असतानाच फावड्याने आणि रबरी वायपरने ढकला. वाळला की सिमेंटसारखा धरतो. पाण्याच्या रेषेखालचे सगळे स्विच-सॉकेट काढून टाका. वायरमनने मेगर (वायरिंगमधली गळती मोजायचे यंत्र) लावून वायरिंग तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका.

विम्यासाठी माल टाकण्याआधी कंपनीला लेखी कळवा. भिंतीवरची पाण्याची रेषा, रॅक आणि भिजलेला माल यांचे फोटो काढा. पाण्याच्या रेषेवरचा कोरडा माल वेगळा ठेवा, कारण सरमिसळ झाली की विमा कंपनीचा सर्व्हेअर सगळ्याच दाव्यावर शंका घेतो. खरेदीची जीएसटी बिले, साठा रजिस्टर आणि बँकेला कॅश क्रेडिटसाठी (मालाच्या तारणावरच्या कर्जासाठी) दिलेले स्टॉक स्टेटमेंट या तिन्हींतले आकडे जुळायला हवेत. बँकेला फुगवून दिलेला साठा नेमका इथे अडचणीचा ठरतो. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. नष्ट झालेल्या मालावर घेतलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे परत करावे लागते, तेव्हा विवरणपत्र भरण्याआधी सल्लागाराला यादी द्या. पॉलिसीत पुराचे संरक्षण आहे का तेही पाहा. आगीच्या पॉलिसीतून ते कधी कधी वगळलेले असते.

लेक अथणीला दिली आहे. लसीचे दोन्ही डोस झालेत तरी कागवाडच्या नाक्यावरून परत पाठवले. मिरजेपासून तासाभराचा रस्ता! (गृहिणी, मिरज)

काकू, दोन डोस असूनही कर्नाटकने ३१ जुलैपासून महाराष्ट्र आणि केरळमधून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा केला होता. अँटिजेनचा अहवाल चालत नव्हता. खासगी प्रयोगशाळेचा राज्याने ठरवलेला तेव्हाचा दर केंद्रावर जाऊन ५०० रुपये, घरी येऊन नमुना घेतल्यास ८०० रुपये होता. त्याहून जास्त देऊ नका आणि पावती घ्या.

७२ तास नमुना दिल्याच्या वेळेपासून मोजा, अहवाल हातात पडल्यापासून नाही. सोमवारी सकाळी दहाला नमुना दिला आणि अहवाल मंगळवारी संध्याकाळी आला, तर गुरुवारी सकाळी दहापर्यंत नाका ओलांडा. अहवालावर एसआरएफ क्रमांक (नमुन्याच्या अर्जाचा क्रमांक) आणि क्यूआर कोड आहे ना ते बघा, आणि त्याची कागदी प्रत जवळ ठेवा. नाव आधार कार्डावरच्या नावाशी जुळायला हवे. माहेरचे-सासरचे नाव वेगळे असले की तिथेच अडवतात. घरात मृत्यू किंवा तातडीचे उपचार असतील, तर नाक्यावर नमुना आणि पत्ता-फोन देऊन सोडण्याची तरतूद होती. तशी वेळ आली तर दवाखान्याची चिठ्ठी जवळ असू द्या.

रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या बाजूला फिरायला जातो. परवा साडेनऊला हटकले. साखर आहे, चालणे सोडून कसे चालेल? (निवृत्त शिक्षक, सातारा)

मैदाने, चालणे आणि सायकल यांना तिसऱ्या स्तरात सकाळी पाच ते नऊ ही वेळ सगळे दिवस होती, शनिवार-रविवारीही. नऊ म्हणजे घरी पोचण्याची वेळ धरा आणि चारभिंतीच्या चढावरून साडेआठला मागे फिरा. मोकळ्या हवेत लांब लांब चालणाऱ्या माणसाला नऊनंतर अडवण्यात संसर्ग रोखण्याच्या दृष्टीने फारसे काही हाती लागत नाही, आणि हे आम्ही ठामपणे म्हणतो. हा विषाणू बंद खोलीत फार सहज पसरतो. तरी तेव्हा नियम होता तो होता. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल तर उपाशीपोटी चढ चढू नका आणि खिशात साखर ठेवा. पाचच्या आधी अंधारात निघून वेळ वाढवू नका. पावसात त्या वाटा निसरड्या असतात.

नाक्यावर पाचशे रुपये घेतले, पावती दिली नाही. १८८ लावतो म्हणाले. हे काय असते? (कुपवाड एमआयडीसीतला कामगार)

तेव्हाचा मास्कचा पाचशे रुपये दंड आणि तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम १८८ (सरकारी आदेश मोडणे) या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. १८८ चा दंड नाक्यावर घेता येत नव्हता, तो न्यायालय ठरवत असे. शिक्षा होती एक महिन्यापर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि कृतीने लोकांच्या जिवाला धोका होत असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेही तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ प्रमाणे संबंधित अधिकाऱ्याने लेखी तक्रार केल्यावरच न्यायालय दखल घेत असे.

जागेवरचा दंड असेल तर क्रमांक असलेली पावती हवीच. त्यावर तारीख, कारण आणि रक्कम तीनही असावे. नाक्यावर वाद घालू नका. वेळ, ठिकाण आणि गाडीचा क्रमांक लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज द्या. त्या दिवशी त्या नाक्यावर फाडलेल्या पावत्यांची संख्या आणि जमा रक्कम माहिती अधिकारात मागता येते : जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. शिफ्ट संध्याकाळी सुटत असेल तर कारखान्याचे ओळखपत्र आणि शिफ्टच्या वेळा लिहिलेले लेटरहेड जवळ बाळगा. पाचनंतर हाच कागद उपयोगी पडतो.

दोन डोस झाले म्हणून दुकान जास्त वेळ उघडता येते का?

नाही. तिसऱ्या स्तरात दुकानाची वेळ डोसवर ठरत नव्हती. प्रमाणपत्र मात्र काउंटरजवळ लावून ठेवा.

किराण्याचे दुकान दहा बाय वीस. गर्दी होते ती तीन ते चार. काउंटरला प्लास्टिक लावलेय, तरी मुलगा आजारी पडला. काय चुकते? (तासगाव)

बहुधा प्लास्टिकच. छतापासून काउंटरपर्यंत पडदा सोडला की आतली हवा आतच कोंडते आणि तिथे दिवसभर तुम्ही उभे असता. पडदा तोंडाच्या उंचीइतकाच, दीड-दोन फुटांचा ठेवा, वरून-खालून मोकळा. मागच्या भिंतीला वर बाराइंची एक्झॉस्ट बसवा, तोंड बाहेरच्या बाजूला. छताचा पंखा हवा नुसती ढवळतो. उदबत्ती लावून बघा : धूर मागे एक्झॉस्टकडे सरळ ओढला जात असेल तर ठीक, काउंटरवर घुटमळत असेल तर नाही. मागे भिंत फोडता येत नसेल, तर टेबल फॅन आतून रस्त्याकडे तोंड करून लावा. टेबल फॅनचा झोत गिऱ्हाइकाकडून तुमच्याकडे येईल असा कधीच नको.

शेवटच्या तासाची गर्दी यादीने कमी होते. अकरापर्यंत व्हॉट्सॲपवर किंवा चिठ्ठीने यादी घ्या, दुपारी पिशव्या भरा आणि प्रत्येक पिशवीवर नाव, रक्कम आणि न्यायची वेळ लिहा : तीन ते सव्वातीन पहिली दहा घरे, मग पुढची दहा. सुटे तेल आणि वजनाचा माल आधीच पाव, अर्धा आणि एक किलोत बांधून ठेवा, कारण काट्यापाशीच माणसे थांबतात. उधारीची वही पाचनंतर फोनवर मिटवा. पाकिटे सॅनिटायझरने पुसत बसू नका, वस्तूंवरून संसर्गाचा धोका फार कमी आहे. तो वेळ पिशव्या भरायला द्या. आणि मुलाला ताप गेला तरी लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवस काउंटरवर बसवू नका.