ठिबक बसवूनही उन्हाळ्यात पाणी का पुरत नाही?

शिरूर तालुक्यातील आपल्या तीन एकर डाळिंबाला ठिबक असूनही फेब्रुवारीनंतर विहीर तळ गाठते, तेव्हा नवे बोअर घ्यावे की शेततळे करावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही खर्च थांबवून आधी सध्याचा संच रोज किती तास चालतो ते पाहावे. आपल्याकडे अनेक मोटारींना ऑटो स्टार्टर असतो. लाईट आली की मोटार सुरू होते आणि लाईट जाईपर्यंत चालते, म्हणजे पाण्याचा हिशेब विजेचे वेळापत्रक ठरवते. पंधरा बाय दहा फुटांवर एकरी सुमारे 290 झाडे बसतात. प्रत्येकाला ताशी 4 लिटरचे चार ड्रिपर (थेंब-थेंब पाणी सोडणारी तोंडे) धरले, तर तासाला सुमारे 4,600 आणि आठ तासांत 37,000 लिटर पाणी एका एकरात जाते. मुरमाड जमिनीत त्यातील बरेचसे मुळांखाली निघून जाते.

अशा ड्रिपरखाली पंधरा मिनिटे भांडे ठेवल्यास एक लिटर पाणी जमायला हवे. हे माप व्हॉल्वजवळच्या आणि लॅटरलच्या (झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या बारीक नळीच्या) शेवटच्या, अशा दोन्ही झाडांना घ्यावे. शेवटी अर्धेच भांडे भरत असेल, तर त्या झाडांच्या पायी आपण उरलेल्या बागेला दुप्पट पाणी पाजत आहात. आधी फिल्टर साफ करून लॅटरलची टोके उघडून गाळ धुवावा; क्षारांचा पांढरा थर मात्र आम्लप्रक्रियेनेच, म्हणजे संचातून सौम्य आम्ल सोडूनच निघतो. त्यानंतर ड्रिपरजवळ वीतभर उकरून माती मुठीत दाबावी. गोळा होतो, पण तळहाताला चिकटत नाही, म्हणजे वापसा, मुळांना हवी तेवढी ओल, आहे. त्या दिवशी मोटार बंद ठेवावी.

शेततळे ओढ्याच्या वाहून जाणाऱ्या पाण्याने भरणार असाल तर जरूर करावे. विहिरीचेच पाणी उपसून त्यात ओतणे म्हणजे ते उन्हात वाळत घालणे होय.

पुरंदरमधील नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत ही गावकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घेण्याची व्यवस्था उभी केली, तेव्हा त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, असा नियमच होता. पाणी पाहून पीक ठरवण्याची ही रीत डाळिंबाच्या बहारालाही, म्हणजे फुले कोणत्या हंगामात धरायची यालाही, लागू पडते. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या आंबे बहाराची फळे नेमकी एप्रिल-मेच्या उन्हात पोसावी लागतात, तर जून-जुलैत फुलणाऱ्या मृग बहाराची फळे साधारण जानेवारीपर्यंत उतरतात आणि उन्हाळ्यात बाग जगवण्यापुरते पाणी पुरते. मात्र पावसाळी दमट हवेत तेल्या या जिवाणूजन्य रोगाचा धोका वाढतो. हा रोग बागेत आधीच असेल, तर सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलणारा हस्त बहार धरावा आणि मार्च-एप्रिलपर्यंतचे पाणी त्यासाठी राखून ठेवावे.