ठिपके नसलेले अंगण

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, मुलगी अकरा वर्षांची. मुलगा दीड वर्षापासून माइनक्राफ्ट हा संगणकावरचा खेळ खेळतो आणि त्यात रमून जातो. सुट्टीत बहिणीनेही खेळावे म्हणून त्याने तिला खेळातल्या आपल्या जगात घेतले, परंतु दहा-एक मिनिटांत ‘आता काय करायचे?’ असे विचारून ती उठते. हीच मुलगी ठिपक्यांची रांगोळी मात्र तासभर मान वर न करता काढते. ‘हिला कल्पनाशक्तीच नाही,’ असे भाऊ म्हणतो आणि नातेवाईकही, हसण्यावारी का होईना, तेच म्हणू लागले आहेत. साऱ्या जगाला आवडणारा खेळ हिलाच का आवडू नये?
— एक आई, सातारा

उत्तर : तुमच्या मुलीत काहीही उणे नाही, हे आधी स्पष्टपणे सांगतो. ‘कल्पनाशक्ती नाही’ हे वाक्य यापुढे घरात कोणी तिच्यासमोर उच्चारू नये, एवढी काळजी कृपया घ्यावी. अकराव्या वर्षी कानावर पडलेली अशी वाक्ये मुले पुढे कितीतरी वर्षे खरी मानून चालतात.

हा खेळ नवख्या खेळाडूसमोर कसा उभा राहतो, ते पाहू. चौकोनी ठोकळ्यांच्या एका माळरानावर खेळाडू येऊन पडतो. कोठे जायचे, काय मिळवायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. झाडाच्या खोडावर हात चालवत राहिले की एक ओंडका सुटतो, ओंडक्याच्या चार फळ्या होतात, चार फळ्यांचे कामाचे टेबल होते आणि पुढे त्या टेबलावर कुऱ्हाड, कुदळ अशी अवजारे घडवता येतात. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पहिला दिवस पुरतो. ज्याला ठाऊक नाही, तो इकडेतिकडे पाहत असतानाच सूर्य मावळतो, कारण तिथला दिवस आणि रात्र मिळून पुरा फेरा अवघ्या २० मिनिटांचा असतो. अंधार पडला की झॉम्बी, म्हणजे चालती प्रेते, येतात आणि त्यांच्या हातून मरण आले की जवळचे सारे सामान पडल्या जागी विखुरते. मुलगी दहा मिनिटांनी उठते असे तुम्ही लिहिता. ती वेळ बहुधा पहिल्या सूर्यास्ताची असावी.

त्यातून ती उतरते भावाच्या जगात. तिथे घर बांधून झालेले, खाण खणून झालेली, पेट्या भरलेल्या. दुसऱ्याने मांडलेल्या संसारात पाहुण्याने करायचे तरी काय?

अशा खेळांना सँडबॉक्स म्हणतात, म्हणजे मुलांसाठी भरून ठेवलेला वाळूचा हौद. वाळू आहे, घमेले आहे, पुढचे तुमचे तुम्ही पाहायचे. खुल्या जगाचे, म्हणजे हवे तिथे भटकू देणारे, सगळेच खेळ असे नसतात. २०१७ साली आलेल्या झेल्डा मालिकेतील ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये जग अफाट आहे, पण राजवाड्यातील शत्रूचा पाडाव करायचा, हे उद्दिष्ट सुरुवातीच्या पठारावरच कळते, तिथून वाटेल त्या वाटेने जाण्याची मुभा तेवढी खेळाडूला असते. उलट, १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या ‘एलीट’मध्ये एक अंतराळयान आणि १०० क्रेडिट एवढे भांडवल हाती देऊन खेळाडूला प्रत्येकी २५६ ग्रहांच्या आठ आकाशगंगांत मोकळे सोडले होते आणि त्या भटकंतीला शेवटच नव्हता. माइनक्राफ्टचे नाते या दुसऱ्या घराण्याशी अधिक जवळचे आहे. त्यातही ड्रॅगनला मारणे हा एक शेवट आहे खरा, पण तो न गाठताही वर्षानुवर्षे खेळणारे पुष्कळ आहेत.

तुमच्या पत्रातील रांगोळी मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. पंधरा ते आठ ठिपके मांडले की अंगणाची हद्द ठरते. मग कोणता ठिपका कोणाला जोडायचा, रेघ कोठे वळवायची, रंग कोठे भरायचा, या प्रत्येक पावलाला विचार लागतो आणि पाऊल बरोबर पडले की नाही, हेही लगेच दिसते. तुमच्या मुलीला या दिसण्यातला आनंद हवा आहे. भावाला ठिपके नसलेले अंगण मिळाले की स्फुरण चढते. मुक्तहस्त रांगोळी काढणाऱ्याने ठिपके जोडणारीला कलाहीन म्हणावे, हे आपल्याला रांगोळीच्या बाबतीत कधी सुचतही नाही.

खेळाडूंच्या आवडी भिन्न असतात, हे या क्षेत्रातील जाणत्यांना फार पूर्वी उमगले आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी केवळ शब्दांवर चालणारा, अनेकांनी एकत्र खेळायचा ‘मड’ हा खेळ रचायला घेतला. पुढे १९९६ साली बार्टल यांनी अशा खेळांतील माणसांचे चार प्रकार मांडले : काहीतरी साध्य करू पाहणारे, धुंडाळणारे, माणसांत मिसळू पाहणारे आणि इतरांवर मात करू पाहणारे. आपल्या मुलीवर यांपैकी एखादी चिठ्ठी चिकटवा, असे मी म्हणणार नाही, माणूस एवढा सोपा नसतो. पण ज्याला काही साध्य करायचे आहे त्याला साध्यच न दाखवता मैदानात सोडले, तर तो कंटाळणारच.

राहिली ‘साऱ्या जगाची’ गोष्ट. माइनक्राफ्टच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्याचे २०२३ साली जाहीर झाले. आकडा प्रचंड आहे, परंतु तो विकत घेणाऱ्यांचा आहे. पहिल्या संध्याकाळीच खेळ मिटून ठेवणारेही त्यातच मोजलेले आहेत. मला स्वतःला हे खेळ जिवापाड आवडतात, तरीही ते प्रत्येकाला आवडायला हवेत, हा आग्रह मला अन्यायाचा वाटतो.

एक प्रयोग मात्र करून पाहा. तिला तिचे स्वतःचे नवे जग उघडून द्या आणि काठिण्य ‘पीसफुल’वर ठेवा, म्हणजे रात्रीचे हल्लेखोर येणार नाहीत. मग एकच काम द्या, तेही मोजके : नदीकाठी सात बाय सातचे घर, चार खिडक्या, दारापुढे अंगण आणि त्या अंगणात रंगीत ठोकळ्यांची तिचीच एक रांगोळी. साहित्य गोळा करण्याचा कंटाळा आला, तर ‘क्रिएटिव्ह’ प्रकारात ते हवे तेवढे मिळते. भावाने शेजारी बसावे, पण माउसला हात लावू नये. दोन-तीन वेळा खेळूनही मन लागले नाही, तर विषय सोडून द्या आणि तिला ‘मॉन्युमेंट व्हॅली’सारखा आखीव कोड्यांचा खेळ द्या. २०१४ सालच्या या खेळात दहाच प्रकरणे आहेत आणि प्रत्येक प्रकरणात वाट शोधून दारापर्यंत पोहोचायचे असते.

प्रश्न : वय चव्वेचाळीस. मुलांबरोबर माइनक्राफ्टसारखे खेळ खेळावेसे वाटतात, पण अर्ध्या तासात मळमळते. वय झाले म्हणून हे होते का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वयाला दोष देऊ नका, हा त्रास तरुणांनाही होतो. डोळे सांगतात की आपण धावत आहोत आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण खुर्चीत बसलो आहोत; या विसंगतीतून मळमळ होते. खेळाच्या सेटिंगमध्ये चालताना दृश्य हलणे बंद करावे, दृष्टिक्षेत्र, म्हणजे पडद्यावर एका वेळी दिसणारा भाग, थोडे वाढवून पाहावे, खोलीत दिवा लावावा आणि पडद्यापासून लांब बसावे. खेळाडू पाठीमागून दिसेल असे दृश्य निवडता येत असेल, तर अनेकांना त्याने आराम पडतो. मळमळ सुरू झाल्यावर मात्र रेटून खेळू नये. तेवढ्यापुरता खेळ मुलांच्या हाती द्यावा आणि खिडकीबाहेर दूरवर नजर लावून बसावे.