तो अहवाल तुम्ही वाचलाय, आता जुनी लिंक देता येणार नाही

पत्र लिहिणारे गृहस्थ इंग्लंडमधल्या एका आयातदार कंपनीचे डायरेक्टर आहेत. कंपनी हॉस्पिटलांना आणि काउन्सिलांना हातमोजे, मास्क, कामाचे कपडे पुरवते. हातमोजे मलेशियातल्या एका कारखान्यातून येतात. तिथं पाठवलेल्या ऑडिटरनं ११ फेब्रुवारी २०२५ रोजी ईमेलनं अहवाल दिला: नेपाळी आणि बांगलादेशी कामगारांचे पासपोर्ट कारखान्याच्या ऑफिसात ठेवलेले, दलालाला दिलेल्या पैशांचं कर्ज कामगारांच्या डोक्यावर, आणि ते फिटेपर्यंत काम सोडायची सोय नाही. हा ईमेल खरेदी विभागात पडून राहिला. डायरेक्टरांनी तो मे महिन्यात वाचला. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपलं होतं. जुलैमध्ये आधुनिक गुलामगिरीसंबंधीचं वार्षिक स्टेटमेंट वेबसाइटवर लागलं. त्यावर सही एचआर प्रमुखांची, आणि अहवालाबद्दल त्यात अवाक्षर नाही. आता एका हॉस्पिटल ट्रस्टच्या, म्हणजे सरकारी हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्थेच्या, टेंडरमध्ये त्याच स्टेटमेंटची लिंक मागितली आहे. ते विचारतात: 'सगळं मिटल्याचं पत्र कारखान्यानं दिलंय. जुनीच लिंक दिली तर चालेल ना? तसंही आयर्लंडची कंपनी वगळली तर आमची उलाढाल मर्यादेच्या आत आहे, आणि या कायद्यात दंड नाही असं ऐकलंय.'

नाही, चालणार नाही.

उलाढालीचा मुद्दा आधी बाजूला करतो, कारण अशा प्रत्येक दुसऱ्या पत्रात तो असतो. मर्यादा ३ कोटी ६० लाख पौंडांची आहे आणि ती मोजताना उपकंपन्यांची उलाढाल धरावीच लागते, उपकंपनी कुठल्याही देशात असो. आयर्लंड वगळता येत नाही. तुम्ही २०१५ च्या मॉडर्न स्लेव्हरी अ‍ॅक्टच्या कलम ५४ खाली येता. म्हणजे दरवर्षी हे स्टेटमेंट काढणं तुम्हाला बंधनकारक आहे. विषय संपला.

दंडाबद्दल तुम्ही ऐकलंय ते बरंचसं खरं आहे. कलम ५४ मोडलं तर मंत्र्यांनी हायकोर्टात जाऊन कंपनीला ते पाळायला लावणारा हुकूम मागायचा, एवढीच सोय त्या कलमात आहे. त्या हुकमाचा भंग झाला तरच पुढची शिक्षा. हे दुबळं आहे हे सगळ्यांना कळतं. २०१९ मध्ये संसद सदस्यांच्या स्वतंत्र आढाव्यानं ते स्पष्ट सांगितलं. स्टेटमेंटमध्ये काय असलं पाहिजे ते सक्तीचं करा, 'आम्ही काहीच केलं नाही' असं लिहून सुटण्याची पळवाट बंद करा, अशा शिफारशी केल्या. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं बरंचसं मान्य केलं. कायद्यात मात्र ते उतरलं नाही. या दिरंगाईचा मला मनापासून संताप येतो, कारण त्यामुळेच तुमच्यासारख्या व्यवस्थित धंदा करणाऱ्या माणसांचा समज होतो की हा कागद म्हणजे वेबसाइटच्या तळाशी लावायची एक औपचारिकता आहे.

पण तुमची अडचण कलम ५४ ची नाहीच. ती २००६ च्या फ्रॉड अ‍ॅक्टच्या कलम २ ची आहे. खोट्या निवेदनाची व्याख्या तिथं अशी आहे: निवेदन असत्य किंवा दिशाभूल करणारं असलं पाहिजे, आणि ते करणाऱ्याला तसं आहे किंवा तसं असू शकतं हे ठाऊक असलं पाहिजे. त्याच्या जोडीला अप्रामाणिकपणा आणि फायद्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. टेंडर मिळवण्यासाठी दिलेल्या कागदात फायद्याचा हेतू शोधत बसावं लागत नाही. तुमच्या स्टेटमेंटमधलं वाक्य मी वाचलं: 'आमच्या पुरवठा साखळीत कुठेही आधुनिक गुलामगिरी नाही, याची आम्ही खात्री देतो.' मे महिन्यात अहवाल वाचल्यावर हे वाक्य खोटं असू शकतं हे तुम्हाला ठाऊक आहे. ते उद्या टेंडरसोबत पाठवलंत, तर 'मला कल्पना नव्हती' हा बचाव तुमच्याकडे उरत नाही. सगळं प्रकरण या एका जागी येऊन थांबतं. बाकीचे मुद्दे वकील दोन्ही बाजूंनी लढवू शकतील, हा नाही.

त्यात भर म्हणजे १ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या कंपन्यांना फसवणूक रोखण्यात अपयश आल्याचा नवा गुन्हा लागू झाला आहे. उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंडांहून जास्त, मालमत्ता १ कोटी ८० लाखांहून जास्त, कर्मचारी २५० हून जास्त, या तीनपैकी दोन गोष्टी असल्या की कंपनी मोठी ठरते. कर्मचाऱ्यानं कंपनीच्या फायद्यासाठी फसवणूक केली, तर ती रोखण्याची वाजवी व्यवस्था होती हे कंपनीनं दाखवायचं. तुमच्याकडे ऑडिटचा अहवाल तीन महिने न वाचता पडून राहू शकतो. ती व्यवस्था कुठल्या तोंडानं दाखवणार?

शिवाय ते 'खात्री देतो' वाक्य तुमच्याकडे मागितलं होतं कोणी? कायद्यानं नाही. कलम ५४ च्या चौथ्या पोटकलमात मागणी एवढीच आहे की त्या आर्थिक वर्षात तुम्ही कोणती पावलं उचललीत ते सांगा, किंवा उचलली नाहीत असं सांगा. साखळी निष्कलंक असल्याचं प्रमाणपत्र तिथं कुणी मागत नाही. ते वाक्य कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या वेबसाइटवरून उचललेलं आहे, हे तुम्ही पत्रात मान्यच केलंय. मला येणाऱ्या पत्रांमध्ये हीच चूक सर्वांत जास्त दिसते. जे सांगणं सोपं होतं ते टाळलं जातं, आणि जे देणं कुणालाच शक्य नाही त्याची हमी मात्र लिहून दिली जाते.

खरं तर सांगण्यासारखं तुमच्याकडे होतं. मलेशियात ऑडिटर पाठवणं हे त्या वर्षात उचललेलं पाऊल आहे. त्याला काही सापडलं, हे ऑडिट चांगलं झाल्याचं लक्षण आहे.

आता कारखान्याचं 'सगळं मिटलं' हे पत्र. तुम्ही त्याची प्रत जोडलीत ते बरं केलंत. पासपोर्ट कामगारांनी 'सुरक्षिततेसाठी स्वखुशीनं' दिले होते असं त्यात लिहिलंय आणि सोबत संमतीपत्रं आहेत. ती पुन्हा एकदा बघा. सगळी इंग्रजीत, एकाच मजकुराची, एकाच तारखेची. ती तारीख ऑडिटनंतरची आहे. खाली सह्या नेपाळीत आणि बंगालीत. ज्या भाषेत सही करतो त्या भाषेत कामगाराला कागद वाचायला दिलेला नाही. हे संमतीचे कागद म्हणून कुठल्याही कोर्टापुढे ठेवायची माझी तयारी नाही. ओळखपत्रं ताब्यात ठेवणं आणि कर्जात अडकवणं ही आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं सांगितलेल्या सक्तीच्या मजुरीच्या ११ लक्षणांपैकी दोन आहेत. तुमच्या अहवालात दोन्ही आहेत. कर्जाबद्दल तर कारखान्याच्या पत्रात एक ओळसुद्धा नाही. मिटलं काय मग? ज्यानं गाव सोडण्याआधी दलालासाठी सावकाराकडून पैसे उचललेत, त्याच्या हातात पासपोर्ट परत आला तरी तो कारखान्याच्या दारातून बाहेर पडू शकत नाही. त्याचे पैसे त्याला परत मिळेपर्यंत हे मिटत नाही.

आणि हे अशक्य आहे असं म्हणू नका. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या कस्टम्सनं टॉप ग्लोव्ह या मलेशियन उत्पादकाच्या कारखान्यांतले हातमोजे सक्तीच्या मजुरीच्या कारणावरून अडवले. ती बंदी सप्टेंबर २०२१ मध्ये उठली ती कामगारांना भरतीचे पैसे परत दिल्यावर. कस्टम्सनं जाहीर केलेली रक्कम होती ३ कोटी डॉलरहून जास्त. तेव्हापासून या धंद्यातल्या कुणालाही 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही, आयातदारालाही नाही.

आता काय करायचं ते.

बोर्डाची बैठक बोलवा. कलम ५४ च्या सहाव्या पोटकलमाप्रमाणे स्टेटमेंटला बोर्डाची मंजुरी आणि डायरेक्टरची सही लागते. एचआर प्रमुखांची सही चालत नाही. म्हणजे जुलैचं स्टेटमेंट कायद्याच्या दृष्टीनं मुळातच अपुरं आहे आणि ते बदलणं तुम्हाला भागच आहे. बैठकीपुढे ऑडिटचा पूर्ण अहवाल ठेवा, त्याचा सारांश नको. तो सगळ्यांनी वाचल्याची नोंद इतिवृत्तात करा. मग नवं स्टेटमेंट मंजूर करा, सही करणाऱ्या डायरेक्टरचं नाव आणि तारीख घाला, आणि वेबसाइटच्या पहिल्याच पानावर सहज दिसेल अशी लिंक द्या. जुनं गुपचूप उडवू नका. 'जुलै २०२५ च्या स्टेटमेंटऐवजी हे' असं वरच लिहा. अशा स्टेटमेंटांच्या सरकारी रजिस्ट्रीत जुनं नोंदवलं असेल तर तिथंही बदला. वर्ष संपल्यापासून ६ महिन्यांत स्टेटमेंट लागावं अशी मार्गदर्शक सूचना आहे. ती मुदत हुकली तरी उशिरा लागलेलं खरं स्टेटमेंट वेळेवर लागलेल्या खोट्यापेक्षा तुमचं जास्त रक्षण करील.

मजकूर साधारण असा ठेवा: 'आमच्या ऑडिटरच्या ११ फेब्रुवारी २०२५ च्या अहवालात मलेशियातील एका हातमोजे उत्पादकाकडे कामगारांचे पासपोर्ट ताब्यात ठेवल्याचे आणि भरतीचा खर्च कामगारांकडून वसूल झाल्याचे नमूद आहे. ३१ मार्च २०२५ पर्यंत आम्ही या अहवालावर कार्यवाही केली नव्हती. त्यानंतर आम्ही पुढील पावले उचलली आहेत.' दुसरं वाक्य लिहिताना बोर्डातलं कोणीतरी हरकत घेईल. ते काढू देऊ नका. कामगारांची ओळख पटेल असं काही मात्र त्यात येता कामा नये.

'पुढील पावले' लिहिण्यासाठी ती उचलावी लागतील. कारखान्याशी करार लगेच तोडू नका. ऑर्डर बंद झाली की सगळ्यात आधी रस्त्यावर येतो तो हाच कर्जबाजारी कामगार, आणि सरकारच्या मार्गदर्शक सूचनांचा सूरही थेट संबंध तोडू नका असाच आहे. कारखान्याला लेखी मुदत द्या: पासपोर्ट परत, भरतीचा पूर्ण खर्च परत, तो बँक खात्यात, आणि खात्री करून घेणारा माणूस कारखान्यानं निवडलेला नसावा. त्यानं कामगारांशी त्यांच्या भाषेत, कारखान्याच्या आवाराबाहेर बोलावं. या परतफेडीचा काही भार तुम्ही उचलणार का, हा प्रश्न येईल. तुम्ही वर्षानुवर्षं भाव पाडून घेतला असेल तर उत्तर काय असायला हवं ते तुम्हाला कळतं. कारखान्यानं सरळ नकार दिला तर मात्र माल घेणं थांबवण्याचा विचार करावा लागेल.

टेंडरपुरतं बोलायचं तर सरकारी खरेदीसाठीचा २०२३ चा प्रोक्युअरमेंट अ‍ॅक्ट २४ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. चुकीची किंवा दिशाभूल करणारी माहिती देणं हे त्यात पुरवठादाराला बाद करण्याचं एक कारण आहे. कामगारांच्या पिळवणुकीचंही वेगळं कारण आहे, पण ते तुमच्यापर्यंत येऊन पोहोचतं का हे कारखान्याशी तुमचं नातं काय यावर ठरेल. कागद बघितल्याशिवाय मी त्यावर मत देणार नाही. तुमच्या उपयोगाचं कलम आहे ५८. पुरवठादारानं प्रकरण किती गांभीर्यानं घेतलं, भरपाई दिली का, पुन्हा घडू नये म्हणून काय बदललं, हे बघून त्याला ठेवायचं की बाद करायचं ते ठरवता येतं. म्हणजे कामगारांना परत गेलेला पैसा हाच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा.

दोन गोष्टी फक्त नोंदवून ठेवतो. शोषणातून बनलेला माल माहीत असताना किंवा संशय असताना हाताळणं गुन्ह्यातल्या मालमत्तेच्या कायद्याखाली येऊ शकतं का, हा प्रश्न जून २०२४ मध्ये उइघुर कापसाच्या (चीनमधल्या उइघुर अल्पसंख्याकांच्या सक्तीच्या मजुरीशी जोडलेल्या कापसाच्या) प्रकरणात कोर्ट ऑफ अपीलनं दिलेल्या निकालानंतर जिवंत झाला आहे. मालाची रास्त किंमत मोजली म्हणजे तो धुऊन निघाला, असं समजून चालू नका. नॅशनल क्राइम एजन्सीला, म्हणजे गंभीर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या सरकारी यंत्रणेला, कळवायचं की नाही, हे त्या विषयाच्या वकिलाला याच आठवड्यात विचारा. दुसरं, परदेशातल्या कामगारांचा दावा इथं चालणार नाही असंही धरून चालू नका. मलेशियातल्याच एका पुरवठादाराच्या नेपाळी आणि बांगलादेशी कामगारांचा डायसन या घरगुती उपकरणांच्या कंपनीविरुद्धचा दावा इंग्लंडमध्ये चालवता येईल, असं डिसेंबर २०२४ मध्ये कोर्ट ऑफ अपीलनं ठरवलं. कंपनीनं आरोप नाकारले आहेत आणि तो निकाल दावा कुठे चालवायचा एवढ्यापुरताच होता, पण दार उघडं आहे.

ईमेल एकही पुसू नका, ११ फेब्रुवारीचा तर नाहीच. खरेदी विभागातल्या त्या माणसाला घाईनं काढूही नका. ऑडिटचा अहवाल आला की तो कुणाकडे जायचा हे कंपनीनं ठरवलंच नव्हतं, आणि ते ठरवण्याचं काम बोर्डाचं होतं.

ट्रस्टला आजच लेखी कळवा की स्टेटमेंट बदलतंय आणि नवं कधीपर्यंत देता येईल. मुदत वाढवून मागा. ती मिळाली नाही आणि बोर्डाची सही वेळेत झाली नाही, तर हे टेंडर सोडून द्या.